टार्गेटिंग रद्द झालं, खेळाडू आत राहिला, तरी १५ यार्ड कसे गेले?

डिचोलीकर

कॉलेज फुटबॉल बघणाऱ्यांसाठी प्रश्न. अमेरिकन, हेल्मेटवाला, फातोर्ड्याचा नव्हे. शनिवारी आपल्या रात्री साडेनऊचा सामना, म्हणजे तिकडचा दुपारी बाराचा. त्यातले दोन प्रसंग डोक्यात बसत नाहीत.

पहिला. थर्ड अँड ८, म्हणजे तिसरा प्रयत्न आणि ८ यार्ड बाकी. क्वार्टरबॅकने चेंडू फेकला, पास कुणाच्याच हाती लागला नाही. चेंडू सुटल्यावर दोन पावलं टाकून डिफेन्सिव्ह एंड त्याच्यावर आदळला. पिवळा फ्लॅग पडला. रेफ्री माइकवर म्हणाला, ‘रफिंग द पासर, विथ टार्गेटिंग.’ रिप्ले बघितला, टार्गेटिंग (धोकादायक धडकेचा फाउल, त्यात हकालपट्टी होते) रद्द, खेळाडू मैदानातच राहिला. पण १५ यार्ड आणि फर्स्ट डाऊन (म्हणजे चार प्रयत्न नव्याने) तरीही दिला. रद्द म्हणजे रद्द ना? की अर्धंच रद्द?

दुसरा तिसऱ्या क्वार्टरमधला. रनिंग बॅक मधून घुसला, लाइनबॅकर समोरून आला, दोघांचीही डोकी खाली, धिरयोत बैल भिडवल्यासारखी. लाइनबॅकर सामन्याबाहेर. आता रनिंग बॅकनेही डोकं घातलंच होतं की! शिवाय रिसीव्हर हवेत असताना मारलं तर टार्गेटिंग, अशी माझी समजूत. हा तर चेंडू कवटाळून धावणारा, पूर्ण सावध माणूस. मग? आणि हा लाइनबॅकर पुढच्या शनिवारी खेळणार की नाही?

कलमासकट सांगितलंत तर बरं. ‘सुरक्षेसाठी नियम कडक केलाय’ एवढं मलाही ठाऊक आहे.

पट्टेवाला

डिचोलीकरबाब, पहिल्याचं उत्तर रेफ्रीच्या ‘विथ’ या एका शब्दात आहे.

एका धडकेत दोन फाउल असू शकतात. चेंडू हातातून सुटल्यावर उशिरा येऊन क्वार्टरबॅकला आपटणं हा रफिंग द पासर. तीच धडक डोक्यावर किंवा मानेवर बसली, तर वर टार्गेटिंगही. रिप्लेवाल्याने टार्गेटिंगचा भाग काढला की खेळाडूची हकालपट्टी जाते. पण उशिरा मारल्याचा फाउल तिथेच राहतो, आणि त्याची स्वतःची शिक्षा १५ यार्ड व आपोआप फर्स्ट डाऊन अशीच आहे. पास कुणाच्याच हाती न लागल्यामुळे यार्ड मागच्या जागेवरून, म्हणजे जिथून डाऊन सुरू झाला तिथून मोजले. चेंडू स्वतःच्या ३२ वर असेल तर तो ४७ वर गेला. अर्धं रद्द झालेलं नाही. दोन बिलांपैकी एक फाडलं, दुसरं भरावंच लागलं.

रेफ्रीने नुसतं ‘टार्गेटिंग’ म्हटलं असतं आणि ते रद्द झालं असतं, तर यार्डही परत मिळाले असते. याचं सगळ्यात महागडं उदाहरण ३१ डिसेंबर २०२२ चा पीच बोल (‘बोल’ म्हणजे हंगामाअखेरचा मोठा सामना), जॉर्जिया विरुद्ध ओहायो स्टेट. तिसऱ्या क्वार्टरच्या अखेरीस ओहायो स्टेटचा मार्विन हॅरिसन ज्युनियर एंड झोनमध्ये (गोल लाइनपलीकडच्या पट्ट्यात) पास घ्यायला गेला आणि जॉर्जियाच्या जॅव्हन बुलार्डने त्याला उडवलं. टार्गेटिंगचा फ्लॅग पडला, रिप्लेने रद्द केला. सोबत दुसरा फाउल नव्हता, त्यामुळे फर्स्ट डाऊनही गेला. ओहायो स्टेटला फील्ड गोलवर (लाथेने मिळवलेल्या ३ गुणांवर) भागवावं लागलं, ३८-२४. हॅरिसन परत आलाच नाही, आणि जॉर्जियाने सामना ४२-४१ असा काढला. गोल लाइनजवळ मिळालेला फर्स्ट डाऊन त्या रात्री किती मोलाचा होता, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

तुमचा ‘अर्धं रद्द’ हा शब्द मात्र एके काळी खरा होता. टार्गेटिंगची १५ यार्डांची शिक्षा २००८ पासून आहे. २०१३ मध्ये हकालपट्टी जोडली, आणि त्या हंगामात नियम असा होता की रिप्लेने खेळाडूला परत आणलं तरी १५ यार्ड जायचेच. म्हणजे गुन्हा घडलेला नाही, पण दंड भरा. प्रशिक्षकांनी एवढा गलका केला की २०१४ मध्ये तो बदलला.

एक बारकावा. रिप्लेवाला टार्गेटिंग काढू शकतो, २०१६ पासून सुटलेलं टार्गेटिंग स्वतःहून लावूही शकतो. पण ‘टार्गेटिंग नाही, मात्र धडक उशिराची होती, लावा रफिंग’ असं त्याला करता येत नाही. तो फ्लॅग मैदानावरच्या माणसानेच टाकलेला हवा. म्हणून घोषणा कान देऊन ऐकायची. बहुतेक गोंधळ तिथेच सुटतो.

पेडण्याचा पंटर

दुसऱ्या प्रसंगाचं मी घेतो.

लोक टार्गेटिंग हा एकच नियम समजतात. ती दोन वेगळी कलमं आहेत आणि रिप्लेवाल्याचा पहिला प्रश्न हाच, की आपण कुठल्या कलमात आहोत.

९-१-४ हे तुम्हाला माहीत असलेलं. डिफेन्सलेस, म्हणजे स्वतःला सावरायची संधी नसलेल्या खेळाडूच्या डोक्यावर वा मानेवर जोराची धडक. ती हेल्मेटने असो, खांद्याने, कोपराने, मुठीने, कशानेही. डिफेन्सलेस कोण, याची यादीच पुस्तकात आहे: पास फेकणारा, झेल घेत असलेला किंवा नुकताच घेतलेला रिसीव्हर, किकर, किक झेलणारा, जमिनीवर पडलेला, बघत नसताना बाजूने ब्लॉक खाणारा, कुणीतरी आधीच पकडून थांबवलेला, चेंडू दुसऱ्या संघाकडे गेल्यावरचा क्वार्टरबॅक, पाय पुढे करून घसरत शरण आलेला. चेंडू घेऊन पुढे धावणारा सावध रनिंग बॅक या यादीत नाही. इथवर तुमचं बरोबर.

पण ९-१-३ मध्ये डिफेन्सलेस हा शब्दच नाही. हेल्मेटच्या टाळूने कुणावरही जोराची धडक मारली की झालं. समोरचा सावध असो, धावता असो, धडक त्याच्या छातीवर बसो नाहीतर मांडीवर. डोक्याला लागलंच पाहिजे असंही नाही. हे कलम मार खाणाऱ्याइतकंच मारणाऱ्याच्या मानेसाठी आहे. डोकं खाली गेलं की मानेचा नैसर्गिक बाक जातो, मणके एका रेषेत सरळ उभे राहतात, आणि टाळूवर बसलेला धक्का स्नायूंनी झेलण्याऐवजी थेट मणक्यांवर उतरतो.

टाळू म्हणजे नेमकं काय? हेल्मेटच्या अगदी वरच्या टोकापासून ६ इंच त्रिज्येचं वर्तुळ. नारळ सोलून ठेवा. शेंडीभोवतीचा भाग ती टाळू. कपाळाच्या रेषेत, जाळीच्या लगेच वर धडक बसली तर ती या कलमात येत नाही. रिप्लेत सगळी मारामारी या तीनचार इंचांची असते.

दोन्ही कलमांना आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे ‘इंडिकेटर’. नुसता संपर्क झाला म्हणून टार्गेटिंग होत नाही. खेळाडू मारायलाच गेला, टॅकल करायला नाही, याची खूण दिसली पाहिजे. खुणा अशा:

– पाय जमिनीवरून सोडून वर आणि पुढे झेप;
– आधी दबून मग वर उसळणं, पाय जमिनीवर असले तरी;
– हेल्मेट, खांदा, हात किंवा कोपर पुढे काढून डोक्यामानेवर जाणं;
– डोकं खाली घालून टाळूने धडक सुरू करणं.

यातली एक पुरे. तुमच्या लाइनबॅकरवर शेवटची लागली असणार.

रनिंग बॅकचं काय? कलम ‘कोणताही खेळाडू’ असंच म्हणतं. चेंडूवाल्यालाही लागू आहे, दोघांवर एकदम फ्लॅग पडू शकतो. व्यवहारात धावणाऱ्यावर तो क्वचित पडतो, कारण धावणारा धक्का झेलायला आकसतो तेव्हा डोकं खाली जातंच. त्यातलं आकसणं किती आणि हल्ला किती, हे ठरवायला रेफ्री कचरतात. माझ्या मते इथे बचाव करणाऱ्यांवर अन्याय होतो. पण ‘त्यानेही डोकं घातलं’ ही तक्रार लाइनबॅकरला वाचवत नाही. सामनेवाल्याच्या चुकीने स्वतःची टाळू वर होत नाही.

याच कलमाचं गाजलेलं प्रकरण: २८ डिसेंबर २०१९, फिएस्टा बोल. ओहायो स्टेट क्लेम्सनविरुद्ध १६-० पुढे. त्यांच्या शॉन वेडने क्लेम्सनचा क्वार्टरबॅक ट्रेव्हर लॉरेन्सला सॅक केलं, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडलं, रिप्लेनंतर टार्गेटिंग, वेड बाहेर. क्लेम्सनने सामना २९-२३ जिंकला. २०१६ च्या फिएस्टा बोलमध्ये ओहायो स्टेटचाच जोई बोसा असाच बाहेर गेला होता. वरचं हॅरिसन प्रकरण धरलं तर ओहायो स्टेटचं आणि या नियमाचं छत्तीसचं नातं आहे.

फातोर्ड्याचा

मी मुख्यतः आपला फुटबॉल बघणारा, म्हणून एक शंका. व्हीएआरमध्ये (आमच्याकडची व्हिडिओ बघून निर्णय तपासायची पद्धत) रेफ्रीचा निर्णय ‘स्पष्ट आणि उघड चूक’ असल्याशिवाय बदलायचा नसतो. मग इकडे एवढे फ्लॅग रद्द होतात, म्हणजे मैदानावरचे रेफ्री एवढे कच्चे?

आणि दुसरं. व्हीएआरच्या पद्धतीत धसमुसळ्या टॅकलचा जोर नेहमीच्या वेगातच बघायचा असतो. संथ चित्र फक्त पाय कुठे लागला, जागा कुठली, एवढ्यापुरतं. संथ चित्रात प्रत्येक टॅकल खुनी दिसतो. टार्गेटिंगच्या रिप्लेत मी तर फक्त संथच दाखवताना बघतो.

पट्टेवाला

फातोर्ड्याचे, रेफ्री कच्चे नाहीत. कॉलेज फुटबॉलने मुद्दामच तसं बांधलंय, आणि ते व्हीएआरच्या उलट आहे.

मैदानावरच्या माणसाला नियमपुस्तकच सांगतं की शंका असेल तर फाउल धरा. त्याला एकदाच, पूर्ण वेगात, एका कोनातून दिसतं. म्हणून तो फ्लॅग टाकतो. पुढे रिप्लेवाल्याला २०१९ पासूनची सूचना अशी: टार्गेटिंगचा प्रत्येक घटक चित्रात पक्का दिसला पाहिजे. एक जरी पक्का झाला नाही तरी टार्गेटिंग रद्द. आधी मधला मार्ग होता, ‘निर्णय कायम’, म्हणजे चित्रावरून धड हो नाही, धड नाही नाही, तर मैदानावरचं राहू द्या. झेल, फंबल (हातून निसटलेला चेंडू) यांच्या रिप्लेत अजूनही तोच हिशेब चालतो. टार्गेटिंगपुरता तो काढून टाकला. कारण उघड आहे. एका कमकुवत चित्रावर पोराला सामन्याबाहेर काढायचं हे फार झालं.

म्हणजे खाली जाळं बारीक विणलंय आणि वर चाळण मोठी ठेवलीय. मासे भरपूर अडकणार आणि त्यातले बरेच सुटणार, हे ठरवूनच. सुटलेला प्रत्येक मासा रेफ्रीच्या नावावर मांडू नका.

फ्लॅग नसताना वरून लावायचं असेल तर तिथेही प्रत्येक घटक पक्का दिसायला हवा. १ जानेवारी २०२५ चा पीच बोल आठवा, टेक्सस विरुद्ध ॲरिझोना स्टेट. २४-२४, शेवटचं एखादं मिनिट, थर्ड अँड १५. टेक्ससचा मायकल टाफी ॲरिझोना स्टेटच्या रिसीव्हरवर आदळला, हेल्मेटला हेल्मेट. फ्लॅग नाही. रिप्लेने थांबवून बघितलं आणि टार्गेटिंग नाही असं ठरवलं. झालं असतं तर ॲरिझोना स्टेटला फर्स्ट डाऊन आणि फील्ड गोलचं अंतर जवळ. त्याऐवजी पंट, म्हणजे चेंडू लाथेने दूर मारून समोरच्यांना दिला. टेक्सस दोन ओव्हरटाइमनंतर ३९-३१. त्या चित्रावरून अजून भांडणं होतात. माझ्या डोळ्यांना तिथे खूण दिसते. पण एक सांगतो, ‘हेल्मेटला हेल्मेट लागलं’ हा युक्तिवाद नियमात कुठेच बसत नाही. हेल्मेट लागणं वेगळं, कलमातले घटक भरणं वेगळं.

संथ चित्राबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं. संपर्काची जागा आणि टाळू की कपाळ, हे थांबवलेल्या चित्रातच ठरतं, दुसरा इलाज नाही. पण ‘जोराची’ आणि ‘मारायला गेला’ हे दोन घटक संथ चित्रात फुगतात. सेकंदाच्या चतुर्थांशात रिसीव्हर खाली आला आणि बचावाचा निशाणा छातीवरून हनुवटीवर गेला, हे संथ केलं की वाटतं, याला थांबायला केवढा तरी वेळ होता! घरी बघताना मी क्रम असा ठेवा म्हणेन: आधी पूर्ण वेगात एकदा, फक्त पाय आणि डोकं बघत. झेप घेतली का, नजर समोर आहे की गवताकडे. मग पहिल्या स्पर्शाच्या चौकटीवर थांबा. मग पुन्हा पूर्ण वेगात, या खेपेला हात बघा. कवेत घ्यायला पसरलेत की अंगाशी मिटलेत. मिटलेले हात म्हणजे टॅकल नव्हे. हात हा स्वतंत्र इंडिकेटर नाही, पण बाकीचं वाचायला मदत होते.

पेडण्याचा पंटर

कोनाचंही लिहायला हवं होतं, राहिलं. साइडलाइनच्या कॅमेऱ्यातून दोन हेल्मेटं एका रेषेत आली की ती भिडल्यासारखी दिसतात, प्रत्यक्षात मध्ये वीतभर अंतर असू शकतं. एंड झोनच्या मागचा उंच कॅमेरा ते अंतर दाखवतो, पण डोकं किती खाली आहे ते त्यातून कळत नाही. म्हणून दोन्ही जुळवून बघावे लागतात. रद्द झालेल्या बऱ्याच प्रकरणांत गोष्ट एवढीच असते की पहिली जोराची धडक खांद्याला खांदा किंवा छातीवर बसली, आणि हेल्मेट नंतर घसरत वर गेलं.

रग्बीवाल्यांनी वेळेचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवलाय, तो मला जास्त आवडतो. रेफ्री पिवळं कार्ड देऊन हात छातीवर फुलीसारखे धरतो, खेळ चालू होतो, आणि बंकरमधला अधिकारी ८ मिनिटांत सांगतो की पिवळंच ठेवायचं की लाल करायचं. २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात सॅम केनचं पिवळं असंच लाल झालं. न्यूझीलंड १४ जणांनिशी खेळून ११-१२ हरलं. कॉलेज फुटबॉलमध्ये मात्र सगळं स्टेडियम खोळंबून बसतं आणि टीव्हीवर गाडीच्या जाहिराती.

डिचोलीकर

पट्टेवालाबाब, पंटर, फातोर्ड्याचे, आभार. पहिला प्रसंग पूर्ण सुटला. दुसऱ्यासाठी दोन गोष्टी राहिल्या. पुढच्या सामन्याचं कुणीच लिहिलं नाही. आणि सांगितल्या क्रमाने क्लिप पुन्हा बघितली: एंड झोनच्या कॅमेऱ्यात लाइनबॅकरच्या हेल्मेटवरची मधली पट्टी दिसते, पण पहिल्या स्पर्शाला तिचं पुढचं टोक, जाळीच्या जेमतेम वर, रनिंग बॅकच्या खांद्याला लागतंय. डोकं त्यानंतर आणखी वाकलं. नजर गवताकडे म्हणावी तर तशीही नाही, हात पसरलेले आहेत.

पट्टेवाला

पुढचा सामना: २०२५ च्या हंगामापर्यंतचा नियम सांगतो. पहिल्या हाफमध्ये टार्गेटिंग झालं तर उरलेल्या सामन्यापुरता बाहेर. दुसऱ्या हाफमध्ये झालं तर उरलेला सामना अधिक पुढच्या सामन्याचा पहिला हाफ. तुमचा तिसऱ्या क्वार्टरमधला, म्हणजे पुढच्या शनिवारी हाफ टाइमनंतरच. हंगामाचा शेवटचा सामना असेल तर ती अर्धी सजा पुढच्या वर्षीच्या पहिल्या सामन्यात. २०१८ मध्ये एलएसयूचा (लुइझियाना स्टेटचा) डेव्हिन व्हाइट मिसिसिपी स्टेटविरुद्ध दुसऱ्या हाफमध्ये बाहेर गेला आणि त्यांचा पुढचा सामना नेमका अलाबामाशी होता. पहिला हाफ बाकावर. एलएसयू २९-० हरली. एकाच हंगामात तिसरं टार्गेटिंग झालं तर पुढचा अख्खा सामना जातो, हे २०१९ पासून. २०२० पासून बाहेर काढलेल्याला ड्रेसिंग रूममध्ये जावं लागत नाही, संघासोबत कडेला थांबता येतं.

आता तुमची क्लिप. तुम्ही वर्णन करताय तसं असेल तर पहिला स्पर्श कपाळाच्या भागावर, म्हणजे ६ इंचांच्या वर्तुळाच्या कडेला किंवा बाहेर. डोकं स्पर्शानंतर वाकलं, तर ‘आधी डोकं खाली घालून’ ही खूणही भरत नाही. रनिंग बॅक सावध असल्याने ९-१-४ लागूच नाही. म्हणजे ते रद्द व्हायला हवं होतं.

डेव्हिन व्हाइटच्या वेळी अपिलाची सोय नव्हती, आता आहे. २०२२ पासून, फक्त दुसऱ्या हाफमधल्या हकालपट्टीसाठी. खेळाडू किंवा प्रशिक्षकाने थेट मागायचं नाही; त्यांच्या कॉन्फरन्सने (विद्यापीठांच्या गटाने) एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या रेफ्रींच्या राष्ट्रीय समन्वयकाकडे व्हिडिओ पाठवायचा. निर्णय ‘स्पष्टपणे चुकीचा’ दिसला तरच पुढच्या सामन्याचा पहिला हाफ मोकळा होतो. गेलेला सामना आणि गेलेले १५ यार्ड परत येत नाहीत.

पेडण्याचा पंटर

‘स्पष्टपणे’ हा शब्द तिथे आडवा येईल. कडेला किंवा बाहेर, यातल्या ‘कडेला’वर अपील पडतं. साइडलाइनच्या कॅमेऱ्यात तोच क्षण कसा दिसतो, ते बघितलंत का?

डिचोलीकर

बघितला. त्या कोनातून मध्ये अंपायर उभा आहे, फक्त त्याची पाठ दिसते.